ख्रिस्ती शाळेचा आठवडा आणि बौद्ध घराचा रविवार



मुळशी तालुक्यातील नेरे हे गाव आज पूर्वीचे राहिलेले नाही. जेथे भातखाचरे होती तेथे हिंजवडीच्या उद्योगनगरीच्या आधाराने इमारती उभ्या राहिल्या आहेत. नेरे, मारुंजी, जांबे, कासारसाई ह्या पट्ट्यात पोटासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांत आपलीही कुटुंबे आहेत. कोणाच्या आजोबांनी १९५६ साली नागपुरास दीक्षा घेतली, तर कोणी स्वतः अलीकडेच बुद्धाला शरण गेले. दीक्षा जुनी असो की नवी, ह्या सर्व घरांतील चिंता मात्र एकच असते. मुलांस चांगली शाळा मिळाली पाहिजे.

अशा वेळी पुष्कळ आईबापांची नजर ख्रिस्ती मंडळींनी चालविलेल्या शाळेकडे जाते. तेथे इंग्रजी असते, शिस्त असते, आणि आडनाव ऐकून मुलास मागच्या बाकावर बसविले जाणार नाही असा भरवसा वाटतो. प्रवेश मिळतो आणि मग थोड्याच दिवसांत मनात प्रश्न उभे राहतात. वकिलीच्या निमित्ताने असे दोन प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतात. एक बाप विचारतो, "मुलगा रोज येशूच्या मूर्तीपुढे हात जोडतो, आम्ही घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांचा हा भंग नव्हे काय?" दुसऱ्या घरातील आई विचारते, "शाळेत काही बोलावयास गेलो तर मुलीचे नाव तर काढून टाकणार नाहीत ना?"

पहिल्या प्रश्नात राग आहे, दुसऱ्यात भीती आहे. राग आणि भीती ह्या दोहोंपैकी एकही सल्लागार म्हणून बरा नाही. आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. मुलास ख्रिस्ती शाळेत खुशाल पाठवा. तेथील पूजेस संमती देऊ नका. आणि तो दोष शाळेच्या माथी मारण्यापूर्वी आपल्या घरचा रविवार रिकामा कां आहे, ह्याचा विचार करा.

शाळेचा आठवडा

प्रथम अशा लहान शाळेचा आठवडा कसा चालतो ते नीट पाहा. सोमवारी सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, एखादे भक्तिगीत, प्रतिज्ञा, त्या दिवसाचा सुविचार आणि ठळक बातम्या. ज्याचा वाढदिवस असेल त्याला पुढे बोलावून टाळ्या वाजवितात. आठवड्यातून एखादा तास ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा असतो. त्याच वेळी इतर मुलांना नीतिपाठ किंवा मूल्यशिक्षण शिकवितात. मधल्या वारी खेळ, एखाद्या शनिवारी स्पर्धा. आठवडा संपताना मुलाच्या दप्तरातून एक सूचनापत्रक घरी येते. धावण्याच्या शर्यतीत कोण पहिला आला, कोणत्या वर्गाने आपली खोली सर्वांत स्वच्छ ठेवली, कोणत्या शिक्षिका आजारी आहेत, पुढील आठवड्यात काय आणावयाचे, सणाचा कार्यक्रम केव्हा आहे, हे सारे त्या एका कागदात असते. अलीकडे हेच पत्रक आईच्या मोबाईलवर येते, एवढाच फरक.

ह्या कागदास क्षुल्लक समजू नका. ज्या मुलाच्या आजोबाचे नाव गावच्या दफ्तरात वेठीच्या कामापुरतेच लिहिले जात असे, त्या मुलाचे नाव चित्रकलेच्या बक्षिसासाठी छापून येते. मूल तो कागद जपून ठेवते. आपण कोणाच्या तरी मोजणीत आहोत, आपली कोणीतरी वाट पाहते, आपल्या गैरहजेरीची कोणीतरी चौकशी करते, ही जाणीव त्याला दर आठवड्याला मिळते. ख्रिस्ती शाळेची खरी शक्ती तिच्या प्रार्थनेपेक्षा ह्या नियमितपणात आहे. मूल तेथील धर्मग्रंथातील वचने विसरेल, पण आपल्याला नावाने हाक मारणारे ते घर विसरणार नाही.

उपकार मानावे, मन गहाण टाकू नये

हा नियमितपणा ह्या देशात आपल्यासाठी प्रथम कोणी आणला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जून १८५६ मध्ये धारवाड येथील एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तेव्हा मुंबई सरकारने तो देण्याचे नाकारले. एका मुलासाठी स्पृश्यांची शाळा मोडू द्यावयास सरकार तयार नव्हते. ज्या काळी सरकारचे दार बंद होते त्या काळी मिशनऱ्यांच्या शाळांचे दार पुष्कळ ठिकाणी उघडे होते. जोतीराव फुले हे पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ ह्या काळात शिकले. अहमदनगर येथील अमेरिकन मिशनमधील मिस फरार ह्यांची मुलींची शाळा पाहून त्यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात स्वतःची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली छापून आला, तो 'ज्ञानोदय' ह्या ख्रिस्ती नियतकालिकात. आमचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या मुलीने त्या निबंधात विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले.

आता ह्या इतिहासाची दुसरी बाजू पाहा. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांनी मैत्री ठेवली, त्यांचे उपकार उघडपणे मानले. तथापि ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. शाळेने त्यांना अक्षर दिले, विचार मात्र त्यांनी स्वतःचा केला. आपल्या मुलांनी नेमके हेच करावे अशी आपली अपेक्षा असली पाहिजे.

बाबासाहेबांनीही मिशनऱ्यांच्या कार्याचे मोजमाप असेच निःपक्षपातीपणे केले आहे. शिक्षण आणि वैद्यकीय सेवा ह्या क्षेत्रांतील त्यांचे काम मोठे आहे हे त्यांनी मान्य केले. परंतु मिशनच्या उच्च शिक्षणाचा लाभ बहुतांशी वरच्या जातींच्या हिंदूंनी घेतला आणि गरीब धर्मांतरित मात्र मागे राहिला, हेही त्यांनी परखडपणे लिहून ठेवले. ज्याने १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केल्यावर अनेक धर्मांची पारख एकवीस वर्षे केली आणि अखेर बुद्धाचा मार्ग निवडला, त्याच्या अनुयायांनी दुसऱ्या धर्माच्या शाळेची भीती कां बाळगावी? जो धम्म पारखून घेतला आहे, तो शेजारच्या प्रार्थनेने ढासळत नाही. न पारखता घेतला असेल तर मात्र तो कोणत्याही वाऱ्याने ढासळेल.

कायदा काय सांगतो

आता हक्काची गोष्ट. येथे शब्द काळजीपूर्वक वाचा, कारण अज्ञानाने जाणारा हक्क परत मिळविणे कठीण असते.

भारताच्या संविधानातील अनुच्छेद २८, खंड ३ असे सांगतो की, राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याकडून आर्थिक साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस तेथील धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची वा धार्मिक उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही. त्या व्यक्तीने स्वतः संमती दिली असेल, किंवा ती अज्ञान असल्यास तिच्या पालकाने संमती दिली असेल, तरच तसे करता येते. ह्यातील 'मान्यता दिलेल्या किंवा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शाळेला अनुदान नसले तरी तिला शासनाची मान्यता असेल, तर हा नियम तिला लागू होतो. "आमची शाळा विनाअनुदानित आहे, आमचे नियम आम्ही ठरवू," हे उत्तर ह्या बाबतीत चालत नाही.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती ही अल्पसंख्याकांची संस्था आहे आणि अनुच्छेद ३० ने तिला आपली शाळा आपल्या पद्धतीने चालविण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क आम्हांसही मान्य आहे. तो टिकला पाहिजे, कारण उद्या तोच हक्क आपल्यालाही वापरावयाचा आहे. परंतु शाळा चालविण्याचा हक्क म्हणजे परक्या मुलाच्या अंतःकरणावर सत्ता गाजविण्याचा हक्क नव्हे. भिंतीवर क्रूस असू द्या, ख्रिस्ती मुलांना त्यांचे धर्मशिक्षण मिळू द्या, परिपाठाच्या वेळी त्यांची प्रार्थना होऊ द्या. आपल्या मुलाने ती म्हणावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे.

न्यायालयांनीही हा मार्ग स्पष्ट केला आहे. केरळातील एका शाळेतून १९८५ साली तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. ती यहोवाचे साक्षीदार ह्या ख्रिस्ती पंथाची मुले होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेच्या कारणाने ते गात नसत. बिजो इमॅन्युएल ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली मुलांच्या बाजूने निर्णय दिला आणि त्यांना पुन्हा शाळेत घेण्यास सांगितले. ख्रिस्ती मुलांनी जिंकलेला हा खटला आज बौद्ध मुलाचेही रक्षण करतो, हे विसरू नका. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडविण्यात आली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती ही मूलभूत हक्कांच्या विरुद्ध आहे, असा त्याचा आशय. ती शाळा ख्रिस्ती नव्हती, हेही लक्षात घ्या. सक्ती कोणत्याही धर्माच्या हातून होऊ शकते, आणि संविधान तिला सर्वांच्या बाबतीत सारखाच मज्जाव करते.

खुद्द ख्रिस्ती समाजातील जाणती मंडळीही हे ओळखून आहेत. २०२४ साली भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, परिपाठाच्या वेळी संविधानाची उद्देशिका म्हणवून घ्यावी, असे त्यांत सांगितले आहे. म्हणून मुख्याध्यापकांकडे जाताना शत्रूच्या छावणीत निघाल्यासारखे जाऊ नका. बहुतेक वेळा दोन ओळींचे पत्र पुरते. ते असे लिहावे:

"माझा पाल्य आपल्या शाळेत शिकतो, ह्याचा आम्हांस आनंद आहे. आमचे कुटुंब बौद्ध धम्माचे आहे. परिपाठाच्या वेळी तो इतरांबरोबर शांतपणे व आदराने उभा राहील; परंतु त्याने उपासनेत भाग घ्यावा किंवा धर्मशिक्षणाच्या तासास बसावे, ह्यास पालक म्हणून आमची संमती नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) अन्वये ही नोंद घ्यावी, ही विनंती."

पत्राची एक प्रत पोचीच्या शिक्क्यासह घरी ठेवा. आणि प्रवेशअर्ज सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा. शाळेच्या धार्मिक कार्यक्रमांस आमची हरकत नाही, असे वाक्य त्यात असेल आणि आपण न वाचता सही केली असेल, तर संमती आपणच दिली असे होते. तशी सही होऊन गेली असली तरी संमती मागे घेणारे पत्र देण्यास संकोच करू नका.

मुलाला काय सांगावे? एवढेच, की दुसरा प्रार्थना करीत असता गप्प उभे राहणे ही सभ्यता आहे. हसणे, खोड्या काढणे हा उद्धटपणा आहे. आणि ज्यावर आपला विश्वास नाही ते शब्द भीतीने पुटपुटणे हा खोटेपणा आहे. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे शील आपण रोज घेतो. ते परिपाठाच्या रांगेतही लागू आहे.

शाळेच्या दफ्तरातील धर्म

प्रवेशाच्या वेळी आणखी एक चूक पुष्कळ घरांत होते. शाळेच्या रजिस्टरात धर्माच्या रकान्यात 'हिंदू' असे लिहिले जाते. कधी कारकून विचारीत नाही म्हणून, कधी 'बौद्ध' लिहिले तर सवलती जातील ह्या भीतीने. ह्या भीतीस एके काळी आधार होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींचे स्थान हिंदूंपुरते ठेवले होते. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्धांना मात्र केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसाचा अनुसूचित जातीचा दर्जा कायम राहतो. तेव्हा मुलाचा धर्म 'बौद्ध' असाच लिहा. पूर्वाश्रमीच्या जातीचा पुरावा, विशेषतः १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा किंवा महसुली कागद, जपून ठेवा. जातपडताळणीच्या वेळी तोच कामास येतो. नोंद चुकली असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्तीचा अर्ज करा. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडल्यावर त्याच कामासाठी अनेक खेटे घालावे लागतात.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी हे काम विशेष तत्परतेने करावे. विहारात घेतलेली दीक्षा शाळेच्या दफ्तरात लिहिली गेली नाही, तर पुढील जनगणनेत, दाखल्यात आणि मुलाच्या स्वतःच्या आठवणीत ती पुसट होत जाते.

त्याच बाकावर बसलेला दुसरा मुलगा

ह्याच ठिकाणी आपल्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्या ख्रिस्ती मुलाकडेही पाहावयास हवे. महाराष्ट्रातील, विशेषतः अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अनेक मराठी ख्रिस्ती घराणी मूळची महारवाड्यातील आणि मांगवाड्यातील आहेत. तुमच्या मुलास वर्गात शिकविणारी बाई कदाचित तुमच्याच पूर्वजांच्या वस्तीतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी निघालेल्या कुटुंबातील असेल. तिच्या आजोबाने एक दार निवडले, तुमच्याने दुसरे. दोघेही निघाले ते एकाच घरातून आणि एकाच कारणाने.

परंतु दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा अद्याप मिळालेला नाही. हा प्रश्न तपासण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे आपण ज्या अन्यायाविरुद्ध झगडलो, तोच अन्याय हा समाज आजही सोसत आहे. धर्म बदलला म्हणजे गावाने दिलेला कलंक आपोआप पुसला जातो, हे ज्यांना खोटे ठरवून दाखवावे लागले, त्यांनी तरी दुसऱ्याच्या वेळी मुके राहू नये. ख्रिस्ती शाळेशी आपले नाते केवळ फी भरणाऱ्या गिऱ्हाइकाचे नाही.

नाताळचा आठवडा

डिसेंबरच्या अखेरीस शाळेचे सूचनापत्रक रंगीत होते. नाटुकले, गाणी, मेंढपाळांचे पोशाख, खाऊ. घरात वाद सुरू होतो, की मुलाने नाटकात भाग घ्यावा की नाही. आमचे मत विचाराल तर, नाटक हे नाटक आहे. मूल मेंढपाळ झाल्याने ख्रिस्ती होत नाही, जसे ऐतिहासिक नाटकात राजा झाल्याने कोणी राजा होत नाही. ईश्वराचा अवतार आपण मानत नाही हे त्याला घरी समजावून सांगा, शेजाऱ्याच्या आनंदात आनंद मानण्यास शिकवा, आणि मग पोशाख शिवून द्या. कार्यक्रमाचा जो भाग उपासनेचा असेल, तेवढ्यापुरते त्याने बाजूस उभे राहावे.

पण त्याच आठवड्यात त्याला आणखी दोन गोष्टी ठाऊक झाल्या पाहिजेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. दीक्षेच्याही आधी, जवळजवळ दोन वर्षे. देहूरोड नेऱ्याहून काही फार लांब नाही. रिक्षाने जाऊन यावे इतक्या अंतरावर हा इतिहास उभा आहे. नाताळची गाणी पाठ असलेल्या आपल्या किती मुलांनी ते विहार पाहिले आहे? शाळेने नाताळ शिकविला, ह्यात शाळेचा काही अपराध नाही. देहूरोड दाखविण्याचे काम तिचे नव्हतेच. ते काम आपले होते.

आपला रविवार कोठे आहे?

आता मूळ मुद्द्यावर येतो. ख्रिस्ती मुलाचा आठवडा शनिवारी संपत नाही. रविवारी तो आईबापांबरोबर चर्चमध्ये जातो, तेथेही त्याचा वर्ग असतो, तेथेही त्याला नावाने हाक मारणारे कोणी असते. आपल्या मुलाचा रविवार कसा जातो? बाप रात्रपाळी करून निजलेला, आई धुणेभांड्यात, आणि मूल मोबाईलवर. चौदा एप्रिल, चौदा ऑक्टोबर, सहा डिसेंबर आणि वैशाख पौर्णिमा हे चार दिवस आपण उत्साहाने पाळतो. पण वर्षात बावन्न आठवडे असतात. चार दिवसांच्या उत्साहाने अठ्ठेचाळीस आठवड्यांची पोकळी भरून निघत नाही.

शेजारच्या श्रीलंकेतील बौद्धांपुढेही हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात उभा होता. चांगल्या शाळा बहुतेक मिशनऱ्यांच्या होत्या आणि बौद्ध मुले तेथेच शिकत. अनागारिक धर्मपाल हेही ख्रिस्ती शाळांतच शिकले. वैशाख पौर्णिमेची सुट्टी मागितली असता ती नाकारली गेली, तरी ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल छड्या खाल्ल्या, असे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. तेथील बौद्धांनी मिशनऱ्यांस शिव्या देत बसण्यापेक्षा त्यांच्याकडून शिकण्याचे ठरविले. १८८५ पासून वैशाख पौर्णिमेची सार्वजनिक सुट्टी मिळाली. १८८६ साली कोलंबोत जी शाळा निघाली तिचे पुढे आनंद महाविद्यालय झाले. आणि विहाराविहारांतून रविवारच्या धम्मशाळा सुरू झाल्या, त्या आजही भरतात. १९५० साली बाबासाहेब श्रीलंकेत बौद्ध परिषदेस गेले, ते ह्याच संघटित जीवनाचे निरीक्षण करण्यासाठी.

आपणांजवळ साधने नाहीत असे कोणी म्हणू नये. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे पासष्ट लाख आहे. ख्रिस्ती बांधव अकरा लाखांच्या आत आहेत. म्हणजे आपण त्यांच्या सहापट आहोत. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय उभे केले, जे मिलिंद ह्या नावाने प्रसिद्ध झाले. १९९३ पासून बौद्ध हे राष्ट्रीय पातळीवर अधिसूचित अल्पसंख्याक आहेत. म्हणजे अनुच्छेद ३० चा जो हक्क ख्रिस्ती शाळेला आहे तोच आपल्याला आहे. संख्या आहे, हक्क आहे, बाबासाहेबांचा धडा आहे. कमी आहे ती दर आठवड्याला दार उघडणाऱ्या माणसाची.

म्हणून नेरे-मारुंजीकडील आणि सर्वत्रच्या कुटुंबांस आमची सूचना अगदी लहान आहे. शाळा काढण्याची गोष्ट पुढे पाहू. आज रविवारी सकाळी एक तास ठरवा. विहार जवळ असेल तर विहारात, नसेल तर कोणाच्या तरी खोलीत. दहा मुले पुरेत. त्रिशरण-पंचशील म्हणावे, पण प्रत्येक शीलाचा अर्थ मुलांच्या तोंडून वदवून घ्यावा. बुद्धाच्या किंवा बाबासाहेबांच्या जीवनातील एक प्रसंग सांगावा. संविधानाची उद्देशिका वाचावी. मग शाळेच्या अभ्यासात जे अडले असेल ते मोठ्या मुलांनी लहानांस शिकवावे. हजेरी घ्यावी. जो आला नाही त्याच्या घरी सायंकाळी कोणी तरी जाऊन यावे. आणि शेवटी एका कागदावर त्या आठवड्याच्या बातम्या लिहून भिंतीस लावाव्यात: कोणाला गणितात चांगले गुण मिळाले, कोणाच्या आईला बरे नाही, कोणी पहिल्यांदा सभेत बोलले. मुलाचे नाव त्यात असू द्या. भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य आणि श्रामणेर शिबिरे केलेले तरुण आपल्यात आहेत. त्यांना लग्नविधी आणि पुण्यानुमोदनापुरते बोलावू नका, ह्या वर्गासाठी बोलवा.

असे घर असलेले मूल सोमवारी ख्रिस्ती शाळेच्या परिपाठात उभे राहील, तेव्हा त्याला कोणाचा द्वेष वाटणार नाही आणि कोणाची भीतीही वाटणार नाही. शिक्षिकेने विचारले की "तू हात कां जोडत नाहीस?" तर ते शांतपणे सांगेल, "बाई, आम्ही बौद्ध आहोत." आणि त्या बाईने पुढे विचारले, की बौद्ध म्हणजे काय, तर त्यालाही त्याच्याजवळ उत्तर असेल.

हे दुसरे उत्तर कोणताही कायदा देत नाही. अनुच्छेद २८ मुलाला गप्प उभे राहण्याचा हक्क देतो. बोलण्याजोगे काही त्याच्याजवळ असावे ही जबाबदारी आईबापांची आहे. येत्या रविवारपासून ती उचला.

जय भीम.